अनवाणी धावायचंय? मग आधी पाय मोजा

अनवाणी धावते म्हटलं की लोक विचारतात रस्ता कुठला, काटे टोचत नाहीत का, किती किलोमीटर होतात. पायाचं माप काय हे आजपर्यंत एकानेही विचारलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर कुणाला काय दुखणार, किती हळू सुरुवात करायची, कुठल्या जमिनीवर धावायचं यातलं बरंचसं त्या मापावरच ठरतं. म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून काढतेय.

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत मी आणि माझी नणंद, दोघींनी एकाच दिवशी सुरुवात केली. पुण्यातल्या तळजाई टेकडीवरची मातीची वाट, वेळ पहाटेची, प्लॅन पण एकच, मी कागदावर लिहिलेला, तिने फोटो काढून घेतला. माझा पाय 8 नंबरचा, तिचा 3. तिसऱ्या आठवड्यात माझ्या पोटऱ्या इतक्या धरल्या की सकाळी जिना उतरताना कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होते आणि टाचेच्या मागची जाड शीर (पोटरीला टाचेच्या हाडाशी जोडणारी, अकिलीस टेंडन) ताठ झालेली. तिच्या पोटऱ्यांना काही म्हणजे काही झालं नव्हतं. पण ती म्हणाली, "वहिनी, दुसऱ्या बोटाच्या मुळाशी खडा रुतल्यासारखं वाटतंय, पाय उलटा करून बघितलं तर काहीच नाहीये." प्लॅन एक, वाट एक, आणि दुखणी दोन वेगवेगळी. तेव्हा मी घरी फरशीवर बसून दोघींचे पाय मोजले आणि उत्तर तिथेच मिळालं.

तर आधी मोजायचं कसं ते. संध्याकाळी मोजा, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात आणि सकाळचं माप कमी येतं. कोरा कागद भिंतीला लावून जमिनीवर ठेवा, टाच भिंतीला टेकवा, उभं राहा, वजन दोन्ही पायांवर सारखं ठेवा, आणि पेन्सिल अगदी सरळ उभी धरून दुसऱ्या कुणाकडून तरी पायाभोवती रेघ मारून घ्या. स्वतः वाकून मारलीत तर वजन पुढे जातं आणि माप चुकतं. दोन्ही पाय मोजायचे, बहुतेकांचा एक पाय दुसऱ्यापेक्षा थोडा मोठा असतो. मग खुर्चीत बसून परत तेच करा. उभं राहिल्यावर पाय लांब होतोच, पण किती होतो ते बघा. माझा 2-3 मिलिमीटरच वाढतो, नणंदेचा जवळजवळ 7. म्हणजे तिच्या तळव्याची कमान वजन पडल्यावर बऱ्यापैकी खाली बसते. शहाबादी फरशी असेल तर ओला पाय करून उभं राहा, ठसा लगेच दिसतो, मधला भाग पूर्ण भरलेला आहे की बारीक पट्टीच उमटलीये ते कळतं.

आता चार मापं लिहून घ्या. टाचेपासून सगळ्यात लांब बोटापर्यंत. टाचेपासून अंगठ्याच्या मुळाशी जो गोल उंचवटा असतो तिथपर्यंत. चवड्याची रुंदी, सगळ्यात रुंद असेल तिथली. आणि घोट्याच्या बाहेरच्या हाडाच्या मध्यापासून पुढे चवड्यापर्यंत किती आणि मागे टाचेच्या शिरेपर्यंत किती. हे शेवटचं माप लोक घेतच नाहीत आणि माझ्या मते सगळ्यात कामाचं तेच आहे.

का ते सांगते. अनवाणी धावताना बरेच जण चवड्यावर किंवा पायाच्या मधल्या भागावर उतरतात, कारण कडक जमिनीवर टाच आपटली की लगेच कळतं. हार्वर्ड विद्यापीठातले संशोधक डॅनियल लीबरमन यांनी 2010 मध्ये यावर अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात लहानपणापासून अनवाणी धावणारे बहुतेक चवड्यावर उतरताना दिसले आणि टाचेवर उतरताना बसतो तसा एकदम दणका त्यांना बसत नव्हता. पण हा काही सगळ्यांना लागू होणारा नियम नाही. उत्तर केनियातल्या दासानाच लोकांवर 2013 मध्ये अभ्यास झाला, तेही अनवाणीच वाढलेले, पण आपल्या आरामाच्या वेगात त्यातले बरेच जण टाचेवरच उतरत होते, वेग वाढला की पुढे सरकत होते. त्यामुळे टाच जमिनीला लागलीच नाही पाहिजे असं मनात धरून बसू नका.

पण चवड्यावर उतरलात की पाय पहारीसारखं काम करतो. घोटा हा टेकू, चवड्यावर जमिनीचा जोर, आणि मागून तो जोर तोलून धरायला पोटरी आणि टाचेची शीर. पुढचा दांडा जितका लांब तितकं मागे जास्त ओढावं लागतं. माझं घोट्यापासून चवड्यापर्यंत 13.5 सेंमी आणि मागे 4.5, म्हणजे चवड्यावर जितका भार येईल त्याच्या तिप्पट माझ्या शिरेवर. नणंदेचं पुढे 11 आणि मागे 4.2, म्हणजे साधारण 2.6 पट. धावताना एका पायावर आपल्या वजनाच्या दुप्पट-अडीचपट भार सहज येतो, तो 3 ने गुणून बघा, मग माझ्या पोटऱ्या का बोंबलल्या ते कळेल. बुटात टाच उंचावर असते आणि बरेच जण टाचेवर उतरतात, म्हणून ही शीर इतकी वर्षं आरामात होती.

म्हणजे लांब पाय वाईट का? अजिबात नाही. हीच शीर स्प्रिंगसारखी ताणते आणि परत फेकते, ती तयार झाली की लांब पायाला त्याचा फायदाच आहे. पण तयार व्हायला तिला महिने लागतात, स्नायूला आठवडे लागतात, आणि घोळ इथेच होतो, पोटरी दुखायची थांबली की आपल्याला वाटतं झालं, आता वाढवू, आणि शीर अजून मागेच राहिलेली असते.

आता लहान पायाचं गणित. शरीर उंचीने वाढतं तसं पाऊलही वाढतं, पाऊल साधारण उंचीच्या 15 टक्क्यांच्या आसपास असतं. पण वजन त्याच प्रमाणात असेल असं नाही. मी 68 किलो, नणंद 58. पावलाची लांबी गुणिले चवड्याची रुंदी असा ढोबळ हिशोब केला, माझं 26.5 गुणिले 9.6, तिचं 22.3 गुणिले 8.6. माझ्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर साधारण 267 ग्रॅम येतात, तिच्या 302. पूर्ण पाऊल काही जमिनीला टेकत नाही, त्यामुळे हे आकडे खरा दाब म्हणून घेऊ नका, तुलना करायला मात्र पुरतात. माझ्यापेक्षा 10 किलोने हलकी असूनही तिच्या तळव्यावर जोर जास्त. त्यात तिचं दुसरं बोट अंगठ्यापेक्षा लांब. आपल्याकडे म्हणतात ना, तसं बोट असलं की बाई नवऱ्यावर हुकूम चालवते, तिला सासरी यावरून भरपूर ऐकवलंय सगळ्यांनी. पण धावण्याच्या दृष्टीने त्याचा अर्थ एवढाच की तिथलं हाड बऱ्याचदा पुढे आलेलं असतं आणि अंगठ्याने उचलायचा भार त्या बारक्या हाडावर पडतो. तिचा न दिसणारा खडा तो होता.

बोटांची लांबी पण बघा. 2009 च्या एका अभ्यासात असं निघालं की पावलाच्या मानाने बोटं 20 टक्क्यांनी लांब असली तर धावताना बोटं वाकवणाऱ्या स्नायूंवरचा जोर जवळजवळ दुप्पट होतो. म्हणून पहिली दोन मापं वेगवेगळी घ्यायला सांगितली. दोघांचाही बूट 9 नंबर असला तरी एकाचा पाय मधे लांब असेल, दुसऱ्याची बोटं लांब असतील, आणि दोघांना दुखणार वेगळ्या जागी. बुटाचा नंबर इथे काही सांगत नाही. तसंही ब्रिटिश नंबर म्हणजे इंचाचा तिसरा भाग, साडेआठ मिलिमीटर, आणि त्यात रुंदी कुठे येतच नाही.

बरं, आता करायचं काय.

पहिले दोन आठवडे धावूच नका, कुणीही, पाय कितीही मोठा किंवा लहान असो. घरात चप्पल सोडा, बाहेर मातीवर रोज 10-15 मिनिटं अनवाणी चाला. तुम्ही वारीला अनवाणी गेलेले असाल, शेतात तसेच फिरत असाल तर कातडी तयार असते, पण शीर आणि हाडं धावायला तयार आहेत असं त्यावरून समजू नका, चालण्यात दणका खूप कमी असतो. तिसऱ्या आठवड्यापासून एक मिनिट धावा, दोन मिनिटं चाला, असं पाच वेळा. आठवड्यातून तीनच दिवस, मधे एक दिवस सोडून. बाकीचे दिवस तुमचे नेहमीचे बूट घालून धावत असाल तर धावा, पण एकूण धावणं थोडं कमी करा. पुढच्या आठवड्यात एखादं मिनिट वाढवा. मी तिसऱ्या आठवड्यात एकदम सलग 15 मिनिटं धावले होते, ती माझी चूक होती आणि तिची शिक्षा मला दीड महिना मिळाली.

इथून पुढे पायानुसार फरक करायचा.

पाय लांब असेल, विशेषतः घोट्याच्या पुढचा भाग लांब असेल, तर तुमचं खरं काम पोटरी आणि शीर. जिन्याच्या पायरीच्या कडेवर चवडे ठेवून उभं राहा, दोन्ही पायांनी वर जा, एका पायावर वजन घेऊन अगदी हळू खाली या, टाच पायरीच्या खाली जाऊ दे. 15 वेळा, असे तीन सेट, गुडघा सरळ ठेवून, आणि मग गुडघा थोडा वाकवून परत. सुरुवातीला दोन्ही पायांनीच करा. धावताना टाच हवेत लटकत ठेवू नका. चवडा आधी लागला तरी पाठोपाठ टाच जमिनीला हलकेच टेकू दे, त्या टेकण्याने शिरेला क्षणभर उसंत मिळते. मी टाच वरच धरून धावत होते, कुठेतरी वाचलं होतं तसं, आणि 3 पटीचा भार तिला अजिबात न थांबता देत होते.

दुसरं म्हणजे पाऊल पुढे फेकू नका. उंच माणसाची ही सवयच असते, लांब ढांगा. पाऊल गुडघ्याच्या पुढे पडलं की ब्रेक लागतो, आणि लांब पायाचा चवडा तसाही दोन-तीन सेंमी पुढेच असतो. 30 सेकंद उजव्या पायाची पावलं मोजा, 4 ने गुणा. माझी मिनिटाला 158 यायची. तीच 5 ते 10 टक्के वाढवली की गुडघ्यावरचा आणि खुब्यावरचा भार कमी होतो, हे 2011 च्या अभ्यासात दिसलंय. मी फोनवर मेट्रोनोम, म्हणजे टिकटिक ठेका देणारं अ‍ॅप, लावून 170 वर आणली, दोन महिने गेले त्यात. एकदम 180 चा हट्ट धरू नका, उंच माणसाला ते जड जातं. नणंद पहिल्या दिवसापासून 178 ने धावते, तिला कधी कुणी शिकवलं नाही.

लांब पायाला ठेच पण लवकर लागते. दमल्यावर पाऊल कमी उचललं जातं आणि पुढचा भाग लांब म्हणजे दगडाला आधी तोच भेटतो. म्हणून खडकाळ वाट सुरुवातीला नकोच. आणि दमलात की चाला, शेवटचा राउंड ओढून पूर्ण करू नका.

पाय लहान असेल आणि त्यामानाने वजन जास्त असेल, तर चवड्याची हाडं आणि कातडी सांभाळायची. तुम्हाला पोटरी दुखत नाही म्हणून तुम्ही लवकर वाढवाल, धोका तिथेच आहे, कारण हाड दुखायला लागतं तेव्हा उशीर झालेला असतो. बूट सोडून घाईने धावायला लागलेल्यांच्या पावलाच्या लांब हाडांना सूज येते, कधी बारीक तडा जातो, हे डॉक्टरांना चांगलं माहितीये. तुम्ही पूर्ण चवड्यावर भार पसरवायला शिका. सुरुवातीला बोटं मोकळी पसरून उभं राहा, अंगठ्याचं मूळ, करंगळीचं मूळ आणि टाच, तिन्ही जमिनीला सारखी टेकतायत का बघा. मग बोटं न दुमडता कमान थोडी वर ओढा, पाय छोटा केल्यासारखं, पाच सेकंद धरा, सोडा. 10 वेळा, दात घासताना होतं. नुसता अंगठा जमिनीत दाबायची प्रॅक्टिस करा, बाकीची बोटं वर. नणंदेला पहिले आठ दिवस हे जमेचना, अंगठा दाबायला गेली की पाचही बोटं एकदम दाबली जायची, मग हाताने चार बोटं धरून करायला लागली. सहा आठवड्यांनी खडा गेला. तिच्या कागदावर मिनिटं पण मी कमी केली, माझ्या 8 ला तिची 5.

जमिनीचं पण तसंच. लहान पायाला दाबून बसलेली माती, गवताचं मैदान, समुद्राकाठी ओली घट्ट वाळू चांगली. कोरड्या भुसभुशीत वाळूत धावू नका, टाच आत जाते आणि शीर ताणते, लांब पायवाल्यांनी तर मुळीच नाही. किनारा एका बाजूला उतरता असतो, म्हणून जितकं जाल तितकंच परत या, नाहीतर एकाच पायावर भार. बारीक खडी दोघांनाही नको, पण लहान पाऊल दोन दगडांच्या मधे बसतं, नणंद टेकडीवरच्या दगडी तुकड्यावरून सरळ जाते, मला बाजूने जावं लागतं. डांबरी रस्ता गुळगुळीत असेल तर वाटतो त्यापेक्षा बरा असतो, फक्त मार्च ते मे सकाळी आठनंतर नाही, तळवा भाजतो आणि ते धावून आल्यावरच कळतं. पावसाळा संपला की सराटे आणि कुसळं असतात, बाभळीखालची वाट टाळा. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असू द्या आणि घरी आल्यावर पाय धुऊन उजेडात तळवा बघा. मधुमेह असेल, तळव्याला बधिरपणा असेल, तर अनवाणी धावू नका. टोचलेलं कळलंच नाही तर जखम चिघळते, इथे कुठलंही माप उपयोगाचं नाही.

पाय रुंद असेल तर तुम्ही नशीबवान. बुटात त्रास होतो, अनवाणी नाही. आपल्या लोकांचे पाय युरोपियन मापांच्या मानाने रुंद असतात, चेन्नईच्या सीएलआरआय (केंद्रीय चर्म संशोधन संस्था) या संस्थेने 2021-22 मध्ये एक लाखावर लोकांचे पाय मोजले त्यातही हेच दिसलं. आपण लांबीला बसणारा बूट रुंदीला घट्ट म्हणून एक नंबर मोठा घेतो, मग पुढे जागा उरते आणि बोटं आत घट्ट धरून चालतो, वर्षानुवर्षं. अनवाणी धावताना ही सवय सोडायला वेळ लागतो, बोटं आपोआप आवळली जातात. ती सोडा, जमिनीवर पसरू द्या. माझं तर बूट न मिळण्यातूनच सुरू झालं, बायकांच्या बुटांत 7 च्या पुढे फारसं काही मिळत नाही, पुरुषांचे घेतले तर टाच सैल. रोमच्या 1960 च्या ऑलिंपिकमध्ये इथिओपियाचा अबेबे बिकिला मॅरेथॉन अनवाणी धावला, 2 तास 15 मिनिटं 16 सेकंदात जिंकला, तेही मिळालेले बूट पायाला नीट बसेनात म्हणूनच असं सांगतात. चार वर्षांनी टोकियोत बूट घालून आणखी तीन मिनिटं कमी वेळात जिंकला. त्याचं मला हे फार आवडतं, पायाला जे बसलं ते त्याने केलं, बुटाशी त्याचं काही वैर नव्हतं.

बाळंतपण झालेल्या बायकांनी जुनं माप धरून चालू नये. गरोदरपणात कमान थोडी खाली बसते आणि पाय लांब होतो, बऱ्याच जणींचा तसाच राहतो. माझा अर्धा नंबर वाढला तो परत गेला नाही. परत सुरुवात करताना परत मोजा आणि पहिल्या आठवड्यापासून सुरू करा, आधी 10 किलोमीटर धावत होता तरीसुद्धा. लहान मुलांच्या बाबतीत एवढंच म्हणेन की त्यांना मैदानात अनवाणी खेळू द्या, मिनिटं मोजत बसू नका.

दुखण्याचं सांगते आणि थांबते. दोन्ही पोटऱ्या सारख्या दुखतायत, दोन दिवसांत कमी होतायत, चालेल. सकाळी उठल्यावर पहिलं पाऊल टाकताना टाचेखाली कळ येतेय, किंवा टाचेची शीर चिमटीत धरल्यावर एका जागी दुखतेय, तर आठवडाभर धावणं बंद, पायरीवरचा व्यायाम दुखणार नाही इतपतच. पावलाच्या वरच्या बाजूला एका बोटाच्या टोकाने दाबल्यावर नेमक्या एकाच बिंदूला कळ येतेय, एका पायावर हलकी उडी मारवत नाहीये, तर हाडांच्या डॉक्टरकडे जा, वाट बघू नका. पहिला एक्सरे कधीकधी साफ येतो, तरी दुखत राहिलं तर परत जा.

मापाच्या कागदावर तारीख घाला आणि जपून ठेवा. वर्षाने त्याच कागदावर वेगळ्या रंगाच्या पेनाने परत पाय काढा. नणंदेच्या दोन रेघांमधे, बसून आणि उभं राहून, आधी 7 मिलिमीटर होते, या जानेवारीत 5 आले. ती आता सलग 25 मिनिटं जाते, मी 30. शनिवारी सुरुवात दोघी एकत्र करतो, तो दगडी तुकडा आला की ती सरळ जाते, मी बाजूच्या मातीवरून, आणि वर पाण्याच्या टाकीपाशी परत भेटतो.